टाळेबंदी आणि हौशी खेळाडू : व्यायामाची प्रेरणा टिकते कशी?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मैदानं, तालमी, जिम, तरणतलाव सगळं बंद! नोकरी सांभाळून पहाटे धावणाऱ्या हौशी खेळाडूला ना मानधन, ना प्रशिक्षक. मग त्याने घरात व्यायाम करावा तरी कशासाठी?

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी प्रेरणेतला फरक स्पष्ट केला आहे. पदक, स्पर्धा, कौतुक ही बाह्य प्रेरणा. खेळण्यातला आनंद ही आंतरिक प्रेरणा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई मॅरेथॉन झालीच नाही. केवळ स्पर्धेसाठी धावणाऱ्याचा सराव अशा वेळी सुटतो.

आंतरिक प्रेरणेला तीन गोष्टी लागतात :
१. स्वायत्तता – वेळ आणि व्यायाम स्वतः ठरवणे.
२. सक्षमता – काल १२ सूर्यनमस्कार, आज १४, अशी वहीत नोंद ठेवणे.
३. आपलेपणा – व्हिडिओ कॉलवर सोबत्यांबरोबर व्यायाम करणे.

फ्रान्समधील तुलूझ शहराजवळ एका हौशी धावपटूने तर सुमारे ७ मीटरच्या बाल्कनीत ये-जा करत ४२ किलोमीटरची मॅरेथॉन पूर्ण केली!

पण हेही लक्षात घ्या, प्रत्येकाकडे बाल्कनी नसते. एका खोलीत पाच माणसं राहत असतील, तर व्यायाम सुटणं म्हणजे आळस नव्हे. प्रेरणेलाही थोडी जागा लागते.

विचार करा : उद्या स्पर्धाच नसतील, तर तुम्ही खेळाल का? का?