राजाचे चित्र गळ्यात

पूर्वीचे राजे आपले बोटभर चित्र दागिन्यात बसवून देत. १६१६ साली जहांगीर बादशहाने इंग्रज वकील टॉमस रो याला सोन्याच्या साखळीत अडकवलेले स्वतःचे छोटे चित्र दिले. हा रो आदल्या वर्षी आपल्या मेळघाटापलीकडच्या बुऱ्हाणपुरात येऊन गेला होता. सरदार लोक बादशहाचे चित्र पागोट्यावर लावत. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या बायका हिऱ्यांच्या चौकटीतले राजाचे चित्र फितीला लावतात. एलिझाबेथ राणी आजोबांचे आणि वडिलांचे अशी दोन लावत असे.

तुम्ही म्हणाल, त्याचे आपल्याला काय? रुक्मिणीच्या माहेरचे दागिने कुणी पाहिले नाहीत, पण राणीचे चित्र आमच्या घरी आहे. आजीचा रुपयांचा हार! राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे तोंड असलेला रुपया. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सोनाराने प्रत्येकाला कडी डाखून हार ओवला.

हारात एक रुपया पंचम जॉर्ज राजाचा आहे. या राजाची गंमत ऐका. १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या दागिन्यात हत्ती काढला होता. सोंड एवढी आखूड, की लोकांना ते डुक्कर वाटले! लोक रागावले. सरकारने ती नाणी परत घेतली आणि १९१२ मध्ये हत्ती नीट काढला. आमचा रुपया १९१२ चा आहे. मी भिंग लावून पाहिले, सोंड लांब आहे.

आजीला विचारले, तू इंग्रज राणी गळ्यात का घालते? ती म्हणाली, "राणीले कोन पाह्यते बाप्पा! माह्या मायच्या बापानं कापूस इकून हे रुपये आनले. मी त्याइचा कापूस पाह्यतो."

हारात २१ रुपये होते. आता १७ आहेत. दुबार पेरणी आली तेव्हा बाबांनी चार मोडले. सोनार चांदीचे वजन करतो, चित्राचे पैसे देत नाही. मोकळ्या जागी आजीने काचेचे मणी ओवले.

उरलेल्या रुपयांवर कागद ठेवून मी पेन्सिल घासली. सतराही ठसे खाली चिकटवले आहेत. तुमच्या घरी असा हार असेल तर तुम्हीही ठसे काढून आणा, पुढच्या अंकात लावू. पण हार शाळेत आणू नका, कागदच आणा.