आरोग्य सल्ला : तीन मात्रा कशाला, आणि त्वचेतच का?

प्रश्न : झायकोव्ह-डी ही करोनाची लस सुईशिवाय देत, पण मात्रा तीन होत्या. इतर लशींचं दोन मात्रांत भागलं. मग हिच्यात दम कमी होता का?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : मात्रा किती द्यायच्या, हे लशीच्या रचनेवर ठरतं. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या या लशीला 20 ऑगस्ट 2021 रोजी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. माणसांसाठी मान्य झालेली ती जगातली पहिली डीएनए लस.

तिच्यात विषाणू नसतो. असतं डीएनएचं एक छोटं वर्तुळ, ज्यात करोनाचं काटेरी प्रथिन बनवण्याची सूचना असते. एमआरएनए लस पेशीत शिरली की काम सुरू करते; डीएनएला मात्र थेट केंद्रकात पोचावं लागतं. त्यातलं बरंचसं वाटेतच नष्ट होतं. प्रथिन कमी बनलं, तर प्रतिपिंडंही कमी.

म्हणून रचनेतच तजवीज केलेली असते. त्वचेत रोगप्रतिकारक पेशी दाट असतात, म्हणून सुईऐवजी दाबाच्या झोताने लस त्वचेत सोडत. प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाकडे जावं म्हणून त्याला एक संकेत-तुकडा जोडलेला असतो. कारण प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना प्रथिन बाहेर, मूळ आकारात दिसावं लागतं. आणि 28-28 दिवसांच्या अंतराने तीन मात्रा, म्हणजे प्रत्येक वेळी प्रतिसाद आणखी पक्का होतो. 28 हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरच्या चाचणीत लक्षणं असलेल्या करोनापासून सुमारे 67 टक्के संरक्षण दिसलं.

प्रतिपिंड आकार ओळखून चिकटतं. 2021च्या सुरुवातीला अमरावती-अकोल्यात रुग्ण वाढले, त्या काळात राज्यातल्या नमुन्यांत विषाणूच्या काटेरी प्रथिनातले एल452आर आणि ई484क्यू हे बदल सापडले. असे बदल झाले की जुन्या प्रतिपिंडांची पकड सैल होऊ शकते. म्हणून अँटिबॉडी (प्रतिपिंड) टेस्टचा मोठा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका, लहान पाहून घाबरू नका. स्मृतिपेशी आणि टी-पेशी त्या आकड्यात येतच नाहीत. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिली, तरच ही तपासणी करा.

त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीशी आपला आजही संबंध येतो. रेबीजची लस डीएनएची नाही, पण सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेतच देतात : 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी 0.1 मिली. वावरात किंवा गल्लीत कुत्रं चावलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात, अमरावतीत इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात जा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) लागतं. ते विचारून घ्या. पूर्वी रेबीजची लस घेतली असेल तर तसं सांगा. आणि जखम भरली म्हणून 28व्या दिवसाची मात्रा सोडू नका.