बारा अंशांतला बर्फ

हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तेव्हा शेजारच्या सीटवर माझा भाचा होता. पुण्याहून इंग्लंडला शिकायला येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. ऑक्टोबरची सकाळ, ऑक्सफर्डशायरच्या शेतांवरून विरत चाललेलं धुकं. तापमान १२ अंश, दवबिंदू १०. हे दोन्ही आकडे निघण्याआधी मीच कागदावर उतरवले होते. उतरवले, पण त्यांचा अर्थ लावला नाही.

बऱ्याच छोट्या पिस्टन हेलिकॉप्टरमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळते ती कार्ब्युरेटरमध्ये. तिथे हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान झपाट्याने घसरतं. बाहेर १२ अंश असले तरी आत शून्याखाली जाऊ शकतं. हवेत ओल असेल तर तिचा बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय साधा आहे: कार्ब हीटची मूठ ओढली की गरम हवा आत येते. मी ती ओढली नाही. ‘एवढ्या हवेत बर्फ कुठला?’ असं मनाशी म्हटलं. शिवाय इंजिनाचे फेरे कायम राखणारा गव्हर्नर थ्रॉटल आपोआप उघडत राहतो, त्यामुळे बर्फ साचतोय हे हाताला जाणवलंही नाही.

हजार फुटांवरून उतरायला शक्ती कमी केली आणि इंजिन गेलं. नाक झटक्यात डावीकडे वळलं. पाठोपाठ कर्कश भोंगा. ‘मामा, हे काय वाजतंय?’ उत्तर द्यायला वेळ नव्हता. पात्यांचे फेरे उतरत होते.

इंजिन गेलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जत्रेतलं भिरभिरं वाऱ्यासमोर धरलं की फिरतं, तशी खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात. याला ऑटोरोटेशन म्हणतात. मात्र त्यासाठी डाव्या हातातला कलेक्टिव्हचा दांडा तत्काळ खाली न्यावा लागतो. हलक्या पात्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये त्याला जेमतेम सेकंदभर मिळतो. तो चुकला तर घटलेले फेरे परत मिळवता येत नाहीत. माझा हात वेळेत गेला, कारण मागच्याच महिन्यात शिक्षकांनी हा सराव करून घेतला होता.

समोर नांगरलेलं शेत होतं. चाळीसेक फुटांवर नाक उचलून वेग मोडला, शेवटी दांडा ओढून टेकवलं. पण थोडा वेग उरलाच होता. खालची आडवी दांडी, म्हणजे स्किड, ओल्या ढेकळांत रुतली आणि हेलिकॉप्टर कुशीवर आडवं झालं. पाती जमिनीवर आपटून तुटली. मी इंधन तोडलं, बॅटरी बंद केली. पट्ट्याला लोंबकळणारा भाचा विचारत होता, ‘मामा, तुला लागलं का?’ त्याचं स्वतःचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

तपासासाठी फॉर्म भरायला बसलो तेव्हा लख्ख दिसलं, चूक शेवटच्या अर्ध्या मिनिटातली नव्हती, निघण्याआधीच्या पाच मिनिटांतली होती. म्हणून उडणाऱ्यांना कळकळीने सांगतो.

तापमान आणि दवबिंदू जवळ आले असतील तर बर्फ होणार असंच धरून चाला. शक्ती कमी करण्याआधी कार्ब हीट घ्या, नंतर नाही. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या रॉबिन्सन कंपनीची सुरक्षा-सूचना सांगते की बाहेर ३० अंश असले तरी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या विमानांवर आपल्याकडे पावसाळ्यात शिकणाऱ्या मुलांनाही हा धोका परका नाही.

उंची राखा. हजार फूट म्हणजे अर्धं-पाऊण मिनिट. पाचशे म्हणजे त्याच्या निम्मं. जंगलावरून जवळचा रस्ता धरण्यापेक्षा मोकळ्या शेतांवरून वळसा घ्या. ऑटोरोटेशनचा सराव परवाना मिळाल्यावर थांबवू नका. दर काही महिन्यांनी शिक्षकांबरोबर करा. आणि शेजारी बसणाऱ्याला पट्टा कसा सोडायचा, दार कसं उघडायचं, पाती थांबेपर्यंत बाहेर का पडायचं नाही, हे जमिनीवरच दाखवा. मी भाच्याला फक्त खिडकीतून काय काय दिसेल तेवढंच सांगितलं होतं.

आता निघण्याआधी ते दोन आकडे मी मोठ्याने वाचतो, शेजारच्याला ऐकू जातील असे. मग त्यातला फरक सांगतो, आणि त्यानंतरच इंजिन सुरू करतो.