चाळिशीनंतरचे वाढते वजन आणि कंबरेचे माप

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचे वजन वाढले की ‘बसून खाते’ असा शेरा घरोघरी सहज मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहेच, शिवाय तो शास्त्राला धरूनही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेले. पन्नाशीपुढील स्त्रिया तर या गणनेत धरलेल्याच नाहीत.

वयाच्या तिशी-चाळिशीपासून शरीरातील स्नायू हळूहळू घटू लागतात. स्नायू घटले की विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. त्यातच रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरणीला लागते आणि पूर्वी मांड्या व नितंबांवर साठणारा मेद पोटावर साठू लागतो. आहार पूर्वीइतकाच राहिला तरी कंबर वाढते, ती यामुळे.

दुसरे कारण कामाच्या बदलत्या स्वरूपात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या, जड कष्ट करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २७२० किलोकॅलरी लागतात; बैठे काम करणारीला १६६० पुरतात. जाते, पाटा, विहिरीचे पाणी यांतून स्त्रीची सुटका झाली, ही स्वागतार्हच गोष्ट होय. मात्र कष्ट गेले आणि ताट तेच राहिले.

केवळ वजनकाट्यावर विसंबणे आपल्याकडे विशेष धोक्याचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता; परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला. उदाहरण पुरुषांचे असले तरी बोध स्त्रियांनाही लागू आहे. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेद लपलेला असू शकतो व तो मधुमेह आणि रक्तदाबाला निमंत्रण देतो.

म्हणून शिंप्याची फीत अधिक उपयोगी. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, फीत न आवळता माप घ्यावे. स्त्रियांच्या बाबतीत ८० सेंटिमीटरच्या पुढे जोखीम सुरू होते. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जी तपासणी यादी भरतात, तीत हे माप विचारलेले असते. ८१ ते ९० सेंटिमीटरला एक गुण आणि त्यापुढे दोन गुण धरले जातात. ही नोंद अंदाजाने भरली जाऊ नये, एवढे तरी आरोग्य उपकेंद्राने पाहावे.

उपाय म्हणून उपाशी राहण्याकडे अनेकींचा कल असतो. उपवासाला पोटात जातात साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. शिवाय कडक उपासात मेदाबरोबर स्नायूही झडतात, म्हणजे मूळ दुखणे वाढतेच. त्यापेक्षा भात व पोळीचा वाटा थोडा कमी करून मटकी, चवळी वा हुलग्याची उसळ, पालेभाजी आणि ताक वाढविणे हिताचे. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला, तर सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० किलोकॅलरी होतात. बैठ्या स्त्रीच्या गरजेचा हा जवळजवळ दहावा हिस्सा. तेलाचेही तसेच. चार प्रौढांच्या घरात महिन्याला अडीच-तीन किलो तेल पुरावयास हवे.

परंतु गृहिणीचा आहार बहुधा तिच्या हाती नसतो. ती सर्वांच्या मागून, उशिरा जेवते आणि उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून तेही संपविते. स्वयंपाक मोजून करणे व सर्वांनी एकत्र जेवणे, हा बदल घराने करावयाचा आहे. तो तिच्या एकटीच्या निग्रहावर सोडून चालणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचविला आहे. भरभर चालणे, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून रेटा देणे, यांस खर्च नाही. घरकामाने दमणूक होते, पण ती दरवेळी व्यायामाची जागा घेत नाही. गुडघे दुखत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने बसून व्यायाम करावा. सत्तर किलो वजनाच्या स्त्रीने साडेतीन ते सात किलो जरी उतरविले, तरी रक्तदाब व रक्तशर्करेत सुधारणा दिसू शकते. थोड्याच काळात वजन वाढून थकवा, बद्धकोष्ठता वा थंडी सहन न होणे जाणवल्यास थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.

पहाटे रस्त्यावर दिवे नसतील, तर स्त्रिया चालावयास बाहेर पडणार नाहीत. शाळेचे मैदान सकाळी तासभर स्त्रियांसाठी खुले ठेवणे आणि तपासणी शिबिराची वेळ स्वयंपाक व शेतकाम यांच्या आड न येईल अशी ठरविणे, हे ग्रामपंचायतीला एका ठरावाने करता येण्याजोगे आहे.