छोटी स्कूटर आणि तिची कागदपत्रे

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, ग्रँड सदर्न ट्रंक रस्त्याच्या काठी तांबरम वसले आहे. मद्रास बीच ते तांबरम अशी विजेवर चालणारी उपनगरी आगगाडी 1931 साली सुरू झाली आणि लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस, पूर्व तांबरम व पश्चिम तांबरम अशी, वस्ती वाढत गेली. घरापासून स्थानकापर्यंतचे अंतर पायी जाण्यास लांब आणि बससाठी ताटकळत राहण्यास तोकडे. छोट्या दुचाकीची गरज नेमकी येथे उत्पन्न होते. 1980 मध्ये तमिळनाडूतीलच होसूरच्या कारखान्यातून टीव्हीएस 50 ही दोघांना बसता येईल अशी मोपेड बाहेर पडली. मराठी वाचकाला तिची थोरली बहीण ठाऊक आहे : पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये आणलेली लूना.

या वाहनांबरोबर एक समजूतही घरोघर शिरली. वाहन लहान, तेव्हा त्याचे कायदेही लहान असणार, अशी ती समजूत. ती खरी नाही. 1988 चा मोटार वाहन अधिनियम 1 जुलै 1989 पासून अमलात आला. त्यात चारांहून कमी चाके आणि 25 घन सेंटीमीटरपर्यंतचे इंजिन असलेले वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळले आहे. विजेच्या दुचाकीलाही अशीच सूट आहे. परंतु तिच्या मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असला पाहिजे, आणि तसे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेले असले पाहिजे. ही रेषा ओलांडली की परवाना, नोंदणी आणि विमा हे तिन्ही आवश्यक ठरतात. ‘या गाडीला काहीच लागत नाही’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. चाचणी संस्थेचा कागद पाहून घ्यावा.

परवान्याच्या प्रकरणात ‘स्कूटर’ हा वर्गच नाही. कायदा दोन वर्ग ओळखतो : गिअर नसलेली मोटारसायकल आणि गिअर असलेली मोटारसायकल. म्हणून वीस वर्षे मोटार चालवणाऱ्या गृहस्थाच्या परवान्यावर दुचाकीचा वर्ग नमूद नसेल, तर मुलीची स्कूटर स्थानकापर्यंत नेण्याचाही त्याला अधिकार नाही. प्रथम शिकाऊ परवाना मिळतो. तो सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून 30 दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही.

वयाची अट अठरा वर्षांची आहे. तिला एक अपवाद आहे आणि बहुतेक घोटाळा त्यातूनच होतो. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास पालकाच्या लेखी संमतीने गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, मात्र तिचे इंजिन 50 सी.सी.च्या आत असले पाहिजे. लूना व टीव्हीएस 50 यांच्या काळात या सवलतीला अर्थ होता. पुढे इंजिने मोठी झाली. टीव्हीएसचीच एक्सएल 100 ही मोपेड 99.7 सी.सी.ची आहे, आणि महाविद्यालयीन मुलामुलींच्या हाती दिसणाऱ्या स्कूटर बहुधा 100 सी.सी.च्या वर असतात. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाजवळ परवाना असूनही घरातली स्कूटर त्याला वर्ज्यच राहते. येथे पालकाचे लाड फार महाग पडू शकतात. 2019 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 199-अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण तो टाळण्याची पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

नोंदणी ही मालकाचे राहणे किंवा व्यवसाय जेथे आहे आणि वाहन जेथे सामान्यतः ठेवले जाते, त्या राज्यातील नोंदणी कार्यालयात होते. तांबरमच्या कार्यालयाची खूण टीएन-11 ही आहे. नवी गाडी घेताना नमुना 20 चा अर्ज, विक्रेत्याचे विक्रीपत्र म्हणजे नमुना 21, आणि गाडी रस्त्यायोग्य असल्याचा निर्मात्याचा दाखला म्हणजे नमुना 22, हे कागद लागतात. ही नोंदणी पंधरा वर्षे टिकते. नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पेट्रोलऐवजी बॅटरीवर चालणाऱ्या खासगी गाडीची पाटी हिरवी व तीवरील अक्षरे पांढरी असतात.

तांबरमला वायुदलाचा तळ व उड्डाण प्रशिक्षकांची शाळा आहे. समजा, पुण्याहून तेथे बदली झालेल्या एका कुटुंबाने आपली एमएच-12 ची स्कूटर बरोबर आणली. पाटी पाहताच ती बेकायदा ठरत नाही. परंतु दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 28, निघण्यापूर्वीच मागून घेणे शहाणपणाचे. हजार किलोमीटरवर बसून ते मिळवण्यात फार दगदग होते. मग तांबरमला नमुना 27 भरून नवा क्रमांक व तमिळनाडूचा कर, असा क्रम असतो. ज्यांची बदली वरचेवर होते, त्यांच्यासाठी 2021 मध्ये ‘बीएच’ मालिका सुरू झाली. संरक्षण दलांतील व्यक्तींना तिचा लाभ घेता येतो.

स्कूटर विकतानाची हयगय अधिक घातक असते. पैसे मिळाले, किल्ली दिली, व्यवहार संपला असे विकणाऱ्यास वाटते. कायद्याच्या दृष्टीने तो संपलेला नसतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक. गाडी हातोहात कितीही पुढे गेली तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावर येते. तेव्हा नमुना 29 व 30 भरून नाव बदलून घेतल्यावाचून विक्री पुरी झाली असे मानू नये.

आता विम्याकडे वळू. 1939 च्या जुन्या अधिनियमातील विम्याचे प्रकरण 1 जुलै 1946 पासून लागू झाले, आणि तेव्हापासून तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. ‘तृतीय पक्ष’ म्हणजे रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस, ज्याला आपल्या गाडीमुळे इजा होते. पहिला पक्ष विमा घेणारा, दुसरा कंपनी. चालकाजवळ परवाना नसला तरी या अनोळखी माणसाला कंपनीने आधी भरपाई द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात सांगितले. म्हणजे विमा असूनही परवान्याचा दोष मालकाच्या घरावर येऊन आदळतो. नव्या दुचाकीसाठी 1 सप्टेंबर 2018 पासून पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. 1 जून 2022 च्या दरांनुसार 75 सी.सी.पर्यंतच्या दुचाकीचा वर्षाचा हप्ता 538 रुपये व 75 ते 150 सी.सी.च्या दुचाकीचा 714 रुपये होता, कर निराळा.

मात्र डबलसीट बसणारा माणूस ‘तृतीय पक्ष’ आहे काय? चेन्नईत मुख्यालय असलेल्या युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीचा तिलक सिंग खटला या प्रश्नावर 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. स्कूटरवर मागे विनामूल्य बसलेल्या व्यक्तीचा धोका केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या पॉलिसीत येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे 2009 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने सर्वसमावेशक पॉलिसीत दुचाकीवर मागे बसणाऱ्याचा समावेश होतो, हे कंपन्यांना बजावले. परंतु स्वस्त पडते म्हणून निव्वळ तृतीय पक्षाची पॉलिसी घेणाऱ्याच्या मागे बहुधा त्याची पत्नी किंवा मूल बसलेले असते. त्यांच्यासाठी वेगळा हप्ता भरला आहे की नाही, हे पॉलिसीच्या अनुसूचीत, हप्त्याच्या तपशिलात लिहिलेले असते.