थकबाकीच्या तक्त्यातील आडवी-उभी बेरीज

चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी ज्या तालुक्यात आहेत, त्याच तुमसर तालुक्यात (जि. भंडारा) नाकाडोंगरी हे गाव आहे. येथील काय किंवा राज्यातील अन्य कोणत्याही गावातील काय, ग्रामपंचायतीच्या करांची आकारणी नमुना ८ मध्ये व मागणी नमुना ९ मध्ये नोंदविण्याची पद्धत आहे. २०२० पासून ग्रामपंचायतींच्या जमाखर्चासाठी ई-ग्रामस्वराज ही प्रणाली उपलब्ध झाली. तथापि सूचनाफलकावर लावावयाची थकबाकीची यादी किंवा ग्रामसभेत वाचावयाचा गोषवारा पुष्कळ ठिकाणी अजूनही वर्ड प्रोसेसरमधील तक्त्यातच तयार होतो, आणि त्याची बेरीज हाताने करून शेवटच्या ओळीत लिहिली जाते. ही बेरीज संगणकाकडून करून घेता येते. मात्र त्यात दोन-तीन खाचखळगे आहेत.

पाच रकान्यांचा एक कल्पित तक्ता घेऊ : अनुक्रमांक, खातेदार, मागील बाकी, चालू मागणी आणि एकूण. पहिल्या ओळीत ही शीर्षके आहेत. दुसऱ्या ओळीत, शासकीय नमुन्यांच्या रिवाजाप्रमाणे, रकान्यांचे क्रमांक १ ते ५ आहेत. त्याखाली तीन खातेदार आहेत. मागील बाकी अनुक्रमे ४००, निरंक व ३५० रुपये. चालू मागणी ६००, ५५० व ६०० रुपये. खरी बेरीज ७५० अधिक १,७५०, म्हणजे २,५०० रुपये होते.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये बेरजेच्या चौकटीत क्लिक करून तक्त्याच्या 'लेआउट' या विभागातील 'फॉर्म्युला' निवडल्यास '=सम(अबव्ह)' हे सूत्र आपोआप समोर येते. त्याचा अर्थ, वरच्या आकड्यांची बेरीज. (सूत्रे रोमन अक्षरांत टंकित करावयाची, तक्त्यातील आकडेही इंग्रजी अंकांत ठेवणे सोयीचे.) ते तसेच स्वीकारल्यास मागील बाकीची बेरीज अवघी ३५० येते! दुसऱ्या खातेदाराची चौकट रिकामी असल्यामुळे गणना तेथेच थांबते. म्हणून निरंक चौकटीत ० लिहावे.

शून्य लिहिल्यावर उत्तर ७५३ येते. हे वरचे तीन रुपये कोणाचे? ते कोणाचेच नव्हेत; तो रकान्याचा क्रमांक ३ आहे. संगणकाच्या दृष्टीने तोही एक आकडाच. त्याचप्रमाणे चालू मागणी १,७५४ व एकूण २,५०५ अशी येते. शीर्षकात नुसते वर्ष लिहिले असेल तर बेरीज दोन हजारांनी फुगते, ती चूक निदान डोळ्यांत भरते. तीन रुपयांची चूक मात्र सहज नजरेतून निसटते आणि लेखापरीक्षणाच्या वेळी आक्षेप होऊन परत येते.

येथे जुन्या कारकुनी शिस्तीतील ताळा उपयोगी पडतो. शेवटच्या ओळीची आडवी बेरीज ७५३ अधिक १,७५४, म्हणजे २,५०७. उभी बेरीज मात्र २,५०५. दोन्ही जुळत नाहीत, अर्थात कोठेतरी परका आकडा शिरला आहे. हा ताळा पाहिल्यावाचून यादी फलकावर लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या नावापुढील रक्कम खातेदार घरच्या पावतीशी पडताळून पाहतो. पण एकूण रक्कम चुकीची निघाली, तर ग्रामसभेत शंका घेतली जाते ती संपूर्ण यादीवरच.

उपाय सोपा आहे. रकान्यांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरे व ओळींना वरून १, २, ३ असे क्रमांक आहेत असे समजावे आणि सूत्रात नेमकी हद्द द्यावी : मागील बाकीसाठी '=सम(सी३:सी५)', पहिल्या खातेदाराच्या एकूण रकमेसाठी '=सम(सी३:डी३)'. आडव्या बेरजेसाठी 'लेफ्ट' हा शब्दही चालतो; परंतु रकमांच्या लगत डावीकडे मालमत्ता क्रमांकाचा रकाना असेल, तर तो क्रमांकही रुपये म्हणून मिळविला जाईल.

वसुलीनंतर एखादी रक्कम बदलल्यास बेरीज लगेच आपोआप बदलत नाही. संपूर्ण तक्ता निवडून 'एफ ९' ही कळ दाबावी लागते. मध्येच नव्या खातेदाराची ओळ घातली, तर सूत्रातील हद्द स्वतःहून वाढत नाही. 'सी५' च्या जागी 'सी६' आपणच करावयाचे. शेकडो खातेदारांची यादी असेल, तर ती एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये करून तयार तक्ता वर्डमध्ये आणणे अधिक श्रेयस्कर.