जुना क्रमांक, नवी दुरुस्ती



आपल्या संगणक कक्षात मराठी-कन्नड दोन्ही टंकलेखन चालते ते डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर. एका पालकांनी विचारले, "यातला ओपनएसएसएच ९.२, बाहेर तर तो १० च्या पुढे गेला. मुलांना जुनेच का?"

प्रश्न रास्त आहे. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधला गंभीर दोष जाहीर झाला. मूळ कर्त्यांनी ९.८ काढली, डेबियनने ९.२ च ठेवून तेवढी दुरुस्ती तिच्यात घातली. पुस्तक तेच, आत शुद्धिपत्रक चिकटवलेले! म्हणून क्रमांक शेवटपर्यंत वाचावा: ९.२पी१-२+डेब१२यू३. जोडरेघेआधीचा भाग मूळ कर्त्यांचा, नंतरचा डेबियनचा. 'यू३' म्हणजे डेबियन १२ साठीची तिसरी सुधारणा.

अख्खी नवी आवृत्ती घेतली की नको असलेले बदलही येतात, तेही कदाचित ऐन परीक्षेत. आम्ही एकदा हौसेने बाहेरचे नवे पॅकेज बसवले. पुढे त्याला एकही दुरुस्ती मिळेना, कारण डेबियन आपल्या भांडारातल्या पॅकेजांचीच काळजी घेते.

मात्र डेबियन १२ च्या सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२८ पर्यंतच मिळतील. विश्वस्तांनी त्याआधीची एखादी मे महिन्याची सुट्टी बदलासाठी राखून ठेवावी, ही विनंती.